एलिझाबेथ, पण कुठली?

मुलीचं नाव एलिझाबेथ ठेवायचं ठरलं की खरा प्रश्न पुढे असतो: कुठल्या भाषेतली एलिझाबेथ? इसाबेल, एल्झ्ब्येता, एर्झेबेत, एलिश्का, एल्स्पेथ, एवढंच काय इरिहापेतीसुद्धा मूळची तीच. नावांच्या याद्यांमध्ये ही रूपं एकाखाली एक मांडलेली असतात आणि त्यातलं दिसायला छान ते उचललं जातं. घोळ तिथेच होतो. प्रत्येक रूप आपापल्या भाषेच्या उच्चारानं घडलेलं आहे. स्पेलिंग एका भाषेतून आणि उच्चार दुसऱ्या भाषेतून घेतला, तर मुलीला जन्मभर दोन्हीकडे खुलासे करत बसावं लागतं.

मूळ नाव हिब्रू, एलिशेवा. बायबलच्या निर्गम पुस्तकात ही अहरोनाची बायको. अर्थ साधारणपणे ‘माझा देव हीच शपथ’ असा लावतात. ग्रीकमध्ये ‘श’ हा ध्वनी नाही, म्हणून ‘एलिसाबेत’ झालं. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या आईचं नाव ग्रीक नव्या करारात असंच येतं. (मराठी बायबलमध्ये ती अलीशिबा आहे.) पुढे लॅटिनमधून हे नाव पश्चिम युरोपात गेलं आणि ‘ब’ तसाच राहिला. पूर्वेकडे ते मध्ययुगीन ग्रीकमधून गेलं. तोवर ग्रीकांचा ‘ब’ बोलण्यात ‘व’ झाला होता, म्हणून रशियनमध्ये येलिझावेता, बल्गेरियनमध्ये एलिसावेता आणि सर्बियनमध्ये येलिसावेता. शेजारच्या क्रोएशियनमध्ये मात्र एलिझाबेता, कारण तिथे नाव लॅटिनच्या वाटेनं आलं. नाव कुठल्या चर्चच्या बाजूनं आलं ते या एका अक्षरावरून बहुतेक वेळा ओळखता येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ इसाबेलबद्दल असतो. हे वेगळं नाव आहे असं अनेकांना ठामपणे वाटतं. ते एलिझाबेथच आहे. सहसा दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: स्पॅनिश शब्द ‘त’नं संपत नाहीत, म्हणून शेवटी ‘ल’ आला, आणि सुरुवातीचं ‘एल’ हे स्पॅनिशमधलं उपपद समजून गळून पडलं. पुरावा हवा असेल तर पोर्तुगालची संत राणी इसाबेल (1271–1336) पाहा. तिचं नाव ठेवलं होतं तिच्या आजीच्या सावत्र बहिणीवरून, म्हणजे हंगेरीच्या संत एलिझाबेथवरून (1207–1231). आजही जर्मन लोक या इसाबेलला एलिझाबेतच म्हणतात. आणि ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ स्पॅनिश वर्तमानपत्रांत कायम ‘दुसरी इसाबेल’ म्हणून छापली गेली. स्पेनची स्वतःचीही एक दुसरी इसाबेल होऊन गेली (राज्यकाळ 1833–1868), त्यामुळे स्पॅनिश वाचकाला संदर्भ पाहूनच कुठली ते ठरवावं लागतं.

यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट: थोरली एलिझाबेथ आणि धाकटी इझाबेला असेल, तर दोघींचं नाव एकच आहे. इंग्रजीत कुणाला खटकणार नाही, पण स्पॅनिश किंवा पोर्तुगीज माणूस हमखास विचारेल.

इसाबेल निवडलंच तर उच्चार आधी पक्का करा. स्पॅनिशमध्ये ‘स’ आणि जोर शेवटच्या ‘बेल’वर. पोर्तुगीजमध्ये त्याच स्पेलिंगला ‘झ’. फ्रेंच रूपाच्या शेवटी दोन ‘एल’ आणि एक मुका ‘ई’. इटालियन इझाबेल्लात जोड ‘ल्ल’ खरोखर ऐकू यायला हवा. तो एकेरी म्हटला की इटालियन कानाला अर्धवट वाटतो. स्कॉटलंडमध्ये मध्ये ‘ओ’ असलेलं इझोबेल लिहितात, आणि इशबेल हे गेलिक उच्चाराचं इंग्रजी लेखन. आयरिश शिबेल ही याच घरातली, फक्त लिहिलेलं पाहून ‘सिबियल’ असं काहीतरी वाचलं जातं. आयर्लंडबाहेर वाढणार असेल तर मी ते टाळीन.

मध्य युरोपातली रूपं मला सगळ्यात देखणी वाटतात, पण तीच सगळ्यात जास्त मोडली जातात. पोलिश एल्झ्ब्येता आणि चेक आल्झ्ब्येता यांत जो ‘झ’ आहे, तो ‘टेलिव्हिजन’च्या इंग्रजी उच्चारात येतो तसला, घासून काढायचा. देवनागरीत त्याला स्वतंत्र अक्षर नाही, ‘झ’वर भागवावं लागतं. हंगेरियन एर्झेबेतमध्ये हाच ध्वनी ‘झेड’ आणि ‘एस’ जोडून लिहितात. ते माहीत नसलेला माणूस दोन अक्षरं सुटी वाचतो आणि ‘एर्झ-से-बेट’ असं काहीतरी तयार करतो. हंगेरियन आणि चेकमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, पोलिशमध्ये शेवटून दुसऱ्यावर. एलिश्का हे चेक रूप त्या मानानं सोपं, आणि ते काही आजकालचं लाडाचं नाव नाही: सम्राट चौथ्या चार्ल्सच्या आईला (1292–1330) चेक लोक एलिश्काच म्हणतात. स्लोव्हेनियातलं श्पेलाही याच नावातून निघालं आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

पॉलिनेशियन रूपं बघितली की उच्चाराचं गणित उघडं दिसतं. माओरीत ‘ल’, ‘स’, ‘ब’ नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘र’, ‘ह’, ‘प’ घाला, शेवट स्वरानं करा, की इरिहापेती मिळतं. हवाईयनमध्ये ‘झ’ आणि ‘थ’ या दोघांच्याही जागी ‘क’ येतो, म्हणून एलिकापेका.

आता ‘एस’ की ‘झेड’. इंग्रजीत ‘झेड’ रुळलेला आहे, पण 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येच हे नाव ‘एस’नं छापलंय, म्हणजे दोन्ही जुनी आहेत. जर्मन, फ्रेंच, डच स्पेलिंगमध्ये ‘एस’ लिहून ‘झ’ म्हणतात, आणि शेवटी ‘टी-एच’ असला तरी उच्चार साधा ‘त’. स्वीडिशमध्ये ‘एस’चा ‘स’च, आणि बऱ्याचदा शेवटचा ‘एच’ लिहीतही नाहीत. जन्मदाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं असं झालं की पुढे दुरुस्तीचे अर्ज आले. पहिल्या कागदावर जे लिहाल ते अक्षर-अक्षर जुळवून पुढे न्या.

छोटी रूपं नुसती ऐकून निवडू नका, लिहून बघा. ‘एल-आय-एस-ई’ हे एकच स्पेलिंग फ्रेंचमध्ये लीझ, जर्मनमध्ये लीझे आणि डॅनिशमध्ये लीसे. इल्झे या जर्मन नावात पहिला मोठा ‘आय’ आणि त्यानंतरचा छोटा ‘एल’ बऱ्याच फॉन्टमध्ये सारख्याच उभ्या रेघा दिसतात. ईमेल पत्त्यात आणि बोर्डिंग पासवर त्याचे दोन ‘एल’ होतात. जर्मन एल्झे इंग्रजी वाचणाऱ्याला ‘नाहीतर’ असा शब्द वाटतो. एल्सा सगळीकडे चालतं, फक्त 2013 च्या अ‍ॅनिमेशनपटातली बर्फाची राणी अजून पाठ सोडत नाही. बेथ, लिबी, बेस, एलायझा इंग्रजीच्या बाहेर नेली की ओळख पुसट होते. लिसा आणि एलिसा बहुतेक युरोपीय भाषांत न अडखळता म्हटली जातात. एकापेक्षा जास्त देशांत वाढणाऱ्या मुलीसाठी मी तिथूनच सुरुवात करीन.

अक्षरांवरच्या खुणांचा प्रश्न पासपोर्टवर येतो. यंत्रानं वाचायच्या ओळीत फक्त ‘ए’ ते ‘झेड’ ही साधी 26 अक्षरं चालतात, आणि आडनाव, नाव व मधल्या रिकाम्या जागांच्या खुणा मिळून 39 जागा असतात. तिथे पोलिश, चेक, हंगेरियन खुणा गळतात. एल्झ्ब्येता तरीही ओळखू येते, पण श्पेलावरची खूण गेली की परक्या काउंटरवर तिला ‘स्पेला’ म्हणूनच हाक मारतात. जोडनावातली आडवी रेघही त्या ओळीत टिकत नाही, तिच्या जागी रिकाम्या जागेची भरणीची खूण (<) येते. त्यामुळे तिकीट काढताना वरचं सुंदर छापलेलं नाव न बघता खालच्या ओळीतलं बघावं.

घरात काहीही म्हणा, नोंद कशाची करायची ते आधी ठरवा. कागदावर एलिझाबेथ असेल तर पुढे बेथ, एल्सा, लिसा यातलं काहीही तिला स्वतः घेता येतं. कागदावर नुसतं बेथ असेल, तर एलिझाबेथ या नावानं काढलेलं तिकीट विमानतळावर अडतं.