जर्मनीला निघालेल्या मामेबहिणीची बॅग

येत्या ऑक्टोबरपासून माझी मामेबहीण जर्मनीत पुढचे शिक्षण घेणार आहे. परवा दादरला मामाकडे गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन बॅगा उघड्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांपैकी एक चिवडा, तयार पिठांची पाकिटे, पाच किलो तूरडाळ, साजूक तुपाची बरणी आणि पेढ्यांचे दोन डबे यांनी जवळजवळ भरून गेली होती. मामीची माया मला कळते, कारण मी तिथे शिकायला निघाले तेव्हा माझ्या आईनेही माझी बॅग अशीच भरली होती. त्या बॅगेतले सगळे दोन महिन्यांत संपले. उरलेली पावणेदोन वर्षे मी तिथल्या दुकानांतल्या जिनसांवर काढली, आणि ती कशी काढली हे तिला जाण्यापूर्वीच माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

तूप आणि पेढे मी त्याच दिवशी बाहेर काढायला लावले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ सोबत नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. तुपाची तर तिथे अडचणच नाही. ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने लोणी कढवून केलेले तूप कोणत्याही साध्या सुपरमार्केटमध्ये मिळते.

पैशांचे गणित मात्र आधी समजून घ्यायला हवे. व्हिसासाठी विद्यार्थ्याने ‘बंद’ खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवायची रक्कम २०२४ साली वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला हाती ९९२ युरो येतात. त्यांतून खोलीचे भाडे आणि आरोग्यविमा गेला की जे उरते, त्यात जेवण बसवायचे असते. पहिल्या सत्रात मी प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात रुपयांत मोजत असे आणि ती मोजून झाली की वस्तू परत फळीवर ठेवत असे. पाव, जॅम आणि नूडल्स यांवर मी चार महिने काढले. जानेवारीत जिना चढतानाही थकवा येऊ लागला, केस गळू लागले, आणि तपासणीत ‘ड’ आणि ‘बी-१२’ ही दोन्ही जीवनसत्त्वे फार कमी निघाली. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की उन्हात उभे राहूनही त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, आणि ‘बी-१२’ दूध, दही, अंडी, मासे अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. काटकसर मी नेमकी दुधा-अंड्यांत केली होती. शाकाहारी मुलामुलींनी निघण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे मी आग्रहाने सांगते.

मला सावरले ते मसुरीच्या डाळीने. साल काढलेली केशरी मसूरडाळ तिथे सगळीकडे मिळते, तुर्की दुकानांत ती मोठ्या पिशवीत आणखी स्वस्त पडते, आणि तूरडाळीसारखा तिला कुकर लागत नाही. भिजवण्याचीही गरज नसते. साध्या पातेल्यात वीस मिनिटांत ती मऊ शिजते. कोरड्या डाळीच्या शंभर ग्रॅममध्ये चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. चिंचेऐवजी आमसूल, चमचाभर गोडा मसाला आणि गुळाचा खडा घातला की तिची आमटी आपल्या घरच्या आमटीच्या फार जवळ जाते. त्याच दुकानांत कोथिंबिरीची मोठी जुडी, छोले आणि चांगले दही मिळते. भाताच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा उमगली. दुधातल्या खिरीसाठी जो आखूड दाण्याचा ‘मिल्शराइस’ विकतात, तो बासमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो आणि त्याचा गुरगुट्या भात सुरेख होतो. वर मेतकूट आणि ते कढवलेले तूप घातले की आजारपणातही तो पोटात जातो.

‘क्वार्क’ नावाचा प्रकार तर आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. बिनसायीच्या क्वार्कमध्ये शंभर ग्रॅमला बारा ग्रॅम प्रथिने असतात आणि अर्ध्या किलोचा डबा स्वस्तात मिळतो. साखर आणि वेलची घालून मी पाडव्याला त्याचेच श्रीखंड केले होते. भाज्यांत कोबी, गाजर, बटाटा आणि नवलकोल यांवर भर द्यावा. नवलकोलाला तिथे ‘कोलराबी’ म्हणतात, आणि चणाडाळ घालून केलेली त्याची भाजी माझ्या जर्मन शेजारणीने दोनदा मागून घेतली.

पिठाच्या पिशवीवरचा आकडा वाचायला शिकावे, कारण ४०५ क्रमांकाचे पीठ आपल्या मैद्यासारखे असते आणि त्याच्या पोळ्या वातड होतात. १०५० क्रमांकाचे पीठ आणि ‘फोल्कोर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाचे पीठ अर्धे अर्धे घेतले की पोळी जमते. रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरावे. विद्यापीठाच्या ‘मेन्झा’त, म्हणजे खानावळीत, विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात गरम जेवण मिळते, ज्या दिवशी वर्ग दिवसभर असतात, त्या दिवशी तिथेच जेवावे.

हे सगळे जमायला लागले तेव्हा माझा जेवणाचा महिन्याचा खर्च पावाच्या दिवसांपेक्षा थोडासाच वाढला होता. कारण पावाच्या दिवसांत मी उपाशीपोटी बाहेर पडत असे आणि मग स्टेशनवर सात युरोंचा रोल घेत असे, हे हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसले.

म्हणून मामीला मी विनंती केली आहे की बॅगेतली तूरडाळ आणि तयार पिठे काढून त्यांच्या जागी लालबागहून कुटून आणलेला मसाला, गोडा मसाला, हिंग, आमसूल आणि मेतकूट एवढेच ठेवावे, आणि राहिलेला महिनाभर लेकीला रोज एक वेळचा स्वयंपाक करू द्यावा. तिथल्या वसतिगृहात विजेची सपाट शेगडी असते. ती हळू तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे मोहरी तडतडली की पातेले लगेच उचलून बाजूला ठेवावे लागते, नाहीतर फोडणी जळते आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागतो. माझ्याकडे तशीच एक जुनी शेगडी अजून आहे. या रविवारी मामेबहीण माझ्याकडे येणार आहे, आणि मसुरीची आमटी ती त्या शेगडीवर करणार आहे.