ट्रायजेमिनल नसेच्या दुखण्यासाठी एमआरआय काढताय? आधी काउंटरवर विचारा

उजव्या वरच्या दाढेतून नाकपुडीपर्यंत विजेसारखी कळ जायची. दात घासताना, तोंड धुताना, पहिला घास चावताना. काही सेकंदांत थांबायची, पण तेवढ्यात डोळ्यांत पाणी. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दाढ काढायला साफ नकार दिला आणि नागपुरात धंतोलीत न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

न्यूरोलॉजिस्टनी कापसाच्या बोळ्याने कपाळ, गाल, हनुवटी तपासली. चेहऱ्याची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल नसेकडे असते आणि तिला तीन फांद्या. वरची कपाळ-डोळ्याची, मधली गाल आणि वरच्या दातांची, खालची खालच्या जबड्याची. माझी मधली दुखावलेली, म्हणून दाढच दुखतेय असं वाटायचं. जबड्याच्या कोपऱ्याला मात्र मानेतून येणारी वेगळीच नस, तिथे मला कधीच कळ आली नाही.

चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: ‘एमआरआय ब्रेन, ट्रायजेमिनल प्रोटोकॉल’. सेंटरवाल्यांनी साधा ब्रेन करून ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात ठेवला! साध्या एमआरआयचे काप जाड, साधारण 5 मिमीचे. कळेचं कारण असू शकणारी, नसेला मुळाशी टेकलेली बारीक रक्तवाहिनी त्यात सहज सुटते, त्यासाठी 1 मिमीहून पातळ काप लागतात. काउंटरवर हे सांगितलं तर उत्तर, ‘‘मॅडम, ब्रेन लिहिलं होतं, ब्रेनच केला ना! दुसरा करायचा तर पैसे भरा.’’ मे महिना, हॉलमधल्या कूलरचा झोत नेमका उजव्या गालावर. ओढणीने गाल झाकून बसले तरी कळा येतच होत्या. बोलायला तोंड उघडलं की पुन्हा कळ, आणि त्यांना वाटे मी रागाने थांबते आहे. शेवटी चिठ्ठी काचेवर धरून ‘प्रोटोकॉल’वर बोट ठेवलं आणि रेडिओलॉजिस्टना बाहेर बोलवायला लावलं. त्यांनी एका नजरेत चूक मान्य केली. पैसे न घेता पुन्हा काढला. नसेच्या मुळाशी धमनीचा वेढा स्पष्ट दिसला.

तेव्हा मशीनवर झोपण्याआधी टेक्निशियनला विचारा, ‘‘पातळ काप घेणार ना?’’ सीडी मागून घ्या, ऑपरेशनचा विचार झाला तर सर्जन तीच बघतात.

आणि हो, कार्बामाझेपिन ही या कळांवरची गोळी सुरू झाली की रक्तातलं सोडियम तपासत राहा. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. माझ्या कळा या गोळीने आटोक्यात आल्यात, ऑपरेशन सध्या लांबलंय.