खुर्ची आधी उलटी करा

जुनी खुर्ची घेताना लोक तिच्यावर बसून बघतात. विकणाऱ्याला तेच हवं असतं. बसल्यावर फार तर आपलं वजन कळतं. खुर्चीचं वय, तिचं दुखणं आणि त्यावर झालेले इलाज कळायचे तर ती उलटी करावी लागते. पाय वर, बैठक खाली. तिथवर पॉलिश पोचलेलं नसतं, रंगाऱ्याचा हात आखडलेला असतो आणि सुताराने लबाडी केली असेल तर ती तिथेच उघडी पडते.

पहिल्यांदा सांधे बघा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून केलेला सांधा हललेला असेल, तर घाबरायचं कारण नाही. आतला जुना सरस वाळून सुटलेला असतो, इतकंच. पण त्याच सांध्यात बाहेरून खिळे ठोकलेले दिसले, तर जरा थांबा. खिळा सांधा धरत नाही, लाकूड फाडतो; आणि खाचेच्या कडेने उभी चीर गेली असेल तर ती खुर्ची कितीही देखणी असली तरी दुकानातच शोभते.

हललेला सांधा घरी बसवता येतो. सगळी खुर्ची हलक्या हाताने सोडवायची, जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडून काढायचा आणि लाकूड दोन दिवस वाळू द्यायचं. बहुतेकांचं काम फसतं ते इथेच. जुन्या सरसावरच फेविकॉल ओततात आणि महिन्याभरात पाय पुन्हा डुगडुगतो. फेविकॉल लाकडाच्या रेषांत मुरला तर धरतो, सरसाच्या कवचावर नुसता बसून राहतो. सांधा जुळवल्यावर चारही पायांना सुती दोरीचा दुहेरी वेढा द्यायचा आणि मध्ये काठी घालून पीळ भरायचा, की शिकंजा नसला तरी भागतं. मात्र पीळ भरल्याबरोबर खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात ना ते बघा आणि मग चोवीस तास हात लावू नका. वाळल्यावर एखादा पाय अधांतरी निघालाच, तर त्या पायाखाली लाकडाची चकती चिकटवा. उरलेले तीन पाय कापत बसलं की खुर्चीचा पाट होतो.

उलटवल्यावर दुसरी गोष्ट दिसते ती भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी म्हणजे भुंगा. पायावर टिचकी मारा. ताजी, फिकट भुकटी गळली तर किडा आत जिवंत आहे. भोकांच्या कडा काळवंडलेल्या असतील आणि काहीच पडत नसेल, तर बहुधा पाहुणा कधीच निघून गेलाय. जिवंत असेल तर इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात लाकडाच्या किडीचं औषध सोडून खुर्ची प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवतात, आणि हे उन्हाळ्यात पुन्हा एकदा करतात, कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात. वाळवीची गोष्ट वेगळी. ती बाहेरून काही दाखवत नाही, फार तर मातीची बारीक नळी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर ठोकत जायचं. भरीव आवाज येता येता मध्येच पोकळ झाला, की वस्तू खाली ठेवून द्यायची.

‘सागवानी आहे, किडणारच नाही’ हे बाजारात हमखास ऐकू येतं. त्यातलं अर्धं खरं. सागाचा आतला तपकिरी गाभा किडीला दाद देत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र इतर कुठल्याही लाकडासारखाच खाल्ला जातो. गडद पॉलिशखाली हा पांढरट भाग लपवणं अगदी सोपं. म्हणून पुन्हा तेच, तळाकडून बघा. तिथेही शंका राहिली तर एका कोपऱ्यात पॉलिश पेपर चार वेळा घासा. सागाला चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर चोरबाजाराची दुकानं, आणि शुक्रवारी दुकानं बंद असताना पहाटेपासून रस्त्यावर मांडलेला जुम्मा बाजार. जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे तर रस्त्याच्या कडेला फर्निचरच फर्निचर. पण त्यातला ‘जुना’ माल कैकदा गेल्या महिन्यात बनवून मुद्दाम झिजवलेला असतो. खरी झीज हात-पाय लागतात तिथेच होते: हाताच्या पट्टीचं टोक, पायाच्या पुढची आडवी दांडी, कडीभोवतालचं लाकूड. सगळीकडे सारखीच झिजलेली खुर्ची दिसली, की ती माणसाने नाही, मशीनने झिजवलेली समजावी.

लाकूडच हवं असेल तर मात्र बाजारात जाऊ नका, तोडकामाकडे जा. पुण्या-मुंबईत जुने वाडे, चाळी आणि सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की दारं, चौकटी, तुळया, जिन्याचे कठडे असं सगळं तोडकामवाल्याकडे जमतं आणि घनफुटाने विकलं जातं. हिशेब त्याच्या कॅल्क्युलेटरवर सोडू नका, सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. दोन उभे सात फुटी आणि वरचा साडेतीन फुटी, अशी ४ बाय ३ इंचांची चौकट धरली तर १७.५ × ४ × ३ म्हणजे २१०, भागिले १४४, जवळपास दीड घनफूट. यात भिंतीत गाडलेली, सडलेली खालची टोकंही मोजली जातात. ती आधी वजा करून घ्यायची. ‘काका, हे खालचं वीतभर धरायचं नाही’ एवढं बोललं की समोरच्यालाही कळतं, गिऱ्हाईक नवखं नाही.

अशा लाकडात खिळे असतातच, आणि निम्मे आत मोडलेले. डोळ्यांनी शोधू नका, दोऱ्याला चुंबक बांधून लाकडावरून इंच-इंच फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा. एक राहिलेला खिळा रंधा मशीनची पाती खराब करतो, आणि दुसऱ्यांदा तो सुतार तुमचं लाकूड हातात धरत नाही. गंजलेला स्क्रू निघत नसेल तर आधी त्याची खाच हॅकसॉच्या पात्याने साफ करा, गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर डोक्यावर टेकवा आणि पहिल्यांदा सोडवायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने किंचित फिरवा. गंजाची पकड सुटते ती त्या पहिल्या हालचालीने. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर त्यात बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठासायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापून नवा स्क्रू घ्यायचा.

आता शिलाई मशीनचा स्टँड. टाकाऊतून टिकाऊच्या दुनियेत याच्याइतकं लाडावलेलं दुसरं काही नसेल. कॅफेत टेबल म्हणून तोच, बाल्कनीत तोच, नळाखालच्या बेसिनलाही तोच. लाड रास्त आहेत, कारण असलं नक्षीचं बिडाचं ओतकाम आज नव्याने करून घ्यायचं तर परवडणार नाही. पण बीड हे लोखंडासारखं वागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्यात कार्बन भरपूर, म्हणून ते वाकत नाही, सरळ मोडतं. गंज काढायला हातोडीने ठोकलं की वेलबुट्टीचा तुकडा हातात येतो. तो जोडायला नेहमीच्या वेल्डिंगवाल्याकडे नेला तर साध्या रॉडने जोड बसतो, छान दिसतो, आणि थंड होता होता जोडाच्या शेजारीच नवी चीर जाते. बिडासाठी निकेलचा रॉड लागतो, नाहीतर गॅसवर पितळेने जोडून घ्यायचं. ‘बिडाचं काम करता का?’ असं विचारल्यावर जो ‘त्यात काय’ म्हणतो, त्याच्याकडे ठेवू नका.

म्हणून घेतानाच दोन्ही बाजूंचे पाय नखाने चाचपून चिरा शोधा, आणि वर फळी बसवायची भोकं शाबूत आहेत का ते पाहा. मोठं चाक अडकलं असेल तर सांध्यांवर रॉकेल नाहीतर मशीनचं पातळ तेल सोडून रात्रभर राहू द्या, बहुतेक वेळा फिरतं. फिरायला लागलं की चाकाला पायपट्टीशी जोडणारा दांडा काढून बाजूला ठेवा. घरात लहान मूल असेल तर चाकही तारेने बांधा. पायपट्टी हलवत बसण्याचा मोह पोरांना आवरत नाही, आणि चाकाच्या आऱ्यांत बोट सापडतं. गंज तारेच्या ब्रशने काढून रेडऑक्साइडचा एक हात, वाळल्यावर काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर नक्षीच्या खाचा बुजतात.

वर काय ठेवायचं यावर पुष्कळांची फसगत होते. कडप्पा सुंदर दिसतो, पण ४ बाय २ फुटांची, २० मिलिमीटर जाड फरशी चाळीस किलोच्या घरात जाते. स्टँडची खोली जेमतेम सव्वा-दीड फूट. फरशी पुढे फार बाहेर आली आणि कुणी कडेवर कोपर टेकून उठलं, की सगळंच कलंडतं. दगड ठेवायचाच तर चारही बाजूंनी सहा इंचांहून जास्त बाहेर नको. अखंड लाकडी फळी असेल तर वेगळी गोम आहे. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बीड जागचं हलत नाही. स्क्रू गच्च आवळले तर मे महिन्यात फळी मधोमध तडकते. फळीला स्टँडवर बसवणाऱ्या पट्ट्यांची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या, स्क्रूला वॉशर लावा, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते. प्लायवूडला ही भानगड नाही, पण मग कड झाकायला पट्टी लागते आणि ती पट्टीच आधी सुटते. काय पत्करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझा कौल जुन्या दाराच्या फळीला.

तांब्या-पितळेबद्दल थोडक्यात. त्याची किंमत मोडीच्या भावाखाली कधीच उतरत नाही, तेव्हा घासाघीस करायची ती वरच्या रकमेवर. हंडा किंवा घंगाळ बोटाच्या पेराने वाजवून पाहा. घुमला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवलं की सकाळी कागद सांगतो. बुडाला किंवा जोडावर राखाडी डाग दिलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून ते भांडं कल्हई करूनही स्वयंपाकाला आणि पिण्याच्या पाण्याला नको. झाड लावायला ठेवा, पण माती थेट भरू नका, प्लास्टिकची कुंडी आत बसवा. कंदिलाचा किंवा समईचा दिवा करायची हौस असेल, तर तीन तारांची वायर घेऊन हिरवी तार भांड्याच्या अंगाला स्क्रूने जोडलीच पाहिजे. धातूच्या दिव्याला दोन तारांची वायर लावणं म्हणजे विषाची परीक्षा.

सोसायटीच्या फाटकाशी, दिवाळीच्या साफसफाईत, जे ‘फुकट’ पडलेलं दिसतं त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पत्रा, पितळ, रद्दी, बाटल्या यांवर कचरावेचक बायांची रोजची कमाई असते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना आहे, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. फाटकाशी पडलेला पितळी नळ उचलायचाच असेल तर ‘मावशी, हा मला हवा होता, भंगारात कितीला जातो?’ असं विचारून तेवढे पैसे द्यावेत. हा उपकार नव्हे, व्यवहार आहे. शिवाय पुढच्या वेळी मावशी स्वतःच हाक मारतात.

गादी मात्र उचलू नका, कितीही नवी दिसली तरी. वेताची किंवा गादीची खुर्चीही घरात न्यायच्या आधी शिवणी, वेताची भोकं आणि स्क्रूच्या खाचा टॉर्चने तपासा. काळे ठिपके म्हणजे ढेकणांची विष्ठा, आणि ढेकूण अन्नावाचून महिनोन् महिने काढतो. जुना तेलरंग दिलेला पाळणा किंवा खेळणंही नको. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग दारा-खिडकीवर असेल तर कोरडा घासू नका, पाणी मारत वॉटर पेपरने घासा, मास्क लावा आणि चोथा पिशवीत भरून टाका.

राहिलं पॉलिश. आधीचं पॉलिश कुठलं हे कळायला कापसावर स्पिरिट घेऊन आतल्या बाजूला चोळा. चिकट झालं तर लाखेचं आहे, आणि मग खरवडायची गरज नाही, त्यावरच नवा हात बसतो. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर भिजवून, सकाळी हलवून, फडक्यातून गाळायची. कोरं लाकूड असेल तर ते ८०, १२० आणि २२० नंबरच्या पेपरने, रेषेच्या दिशेनेच घासायचं. मग कापसाच्या बोळ्याने पातळ हात देत जायचं, सहा-सात तरी. गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही आणि चहाचा कप ज्यावर ठेवला जातो त्या टेबलाला लाखेचं पॉलिश द्यायचं नाही, गरम बुडाचं पांढरं वर्तुळ उठतं. पावसाळ्यातही हाच पांढरेपणा येतो, पण सगळ्या पृष्ठभागावर. स्पिरिट झपकन उडताना लाकूड थंड करतं, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिशच्या थरात अडकून बसते. जुलैत हाती लागलेली खुर्ची म्हणून सांधून, घासून तशीच ठेवावी. गणपतीत पाहुण्यांना खुर्च्या कमी पडल्या तर पुसून खुशाल द्या, पॉलिशचं दसऱ्यानंतर बघू.