धरणाला वळसा

सकाळी निघायचं आणि रात्रीचं जेवण घरी, अशी सहल असेल तर मी एकच नियम पाळते. एक पाणी निवडायचं, त्याला पूर्ण वळसा घालायचा, आणि गेल्या वाटेने परत यायचं नाही. नाशिककरांना ही चैन परवडते. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला तास-दीड तासाच्या आत गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा, भंडारदरा अशी पाणीच पाणी आहेत, आणि प्रत्येकामागे सह्याद्रीची भिंत.

ऑफिसात शुक्रवारी दुपारी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तिकडे पॉइंट कुठले कुठले आहेत?" पॉइंट म्हटलं की माझा उत्साह निम्मा मावळतो. पॉइंट म्हणजे पार्किंग, मक्याचं कणीस आणि फोटोसाठी रांग. गाडीने जायचं तर रस्ताच बघायला जावं. आणि रस्ता बघताना एक प्रश्न डोक्यात असावा: हे पाणी कुणाचं? आपण कौतुकाने 'लेक' म्हणतो खरं, पण ही सगळी धरणं आहेत. कुणीतरी, कुणासाठी तरी अडवलेलं पाणी. ते कुठे जातं हे कळलं की तोच रस्ता निराळा दिसायला लागतो.

अर्ध्या दिवसाचा वळसा हवा असेल तर वैतरणा. नाशिकहून त्र्यंबक, तिथून घोटीकडे जाणारा रस्ता, वैतरणेच्या पाण्याकाठाने घोटी, आणि मग हायवेने परत. त्र्यंबकला उजव्या हाताला ब्रह्मगिरी दिसतो. त्याच्या एका अंगाने गोदावरी निघून पार राजमहेंद्रीपर्यंत पूर्वेला जाते. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाने वैतरणा निघते आणि पश्चिमेला अरबी समुद्र गाठते. पाऊस तोच, ढग तोच. थेंब धारेच्या अलीकडे पडला की पलीकडे, एवढ्यावर त्याचं नशीब. पुढे पहिने लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जाऊ नये. अर्धी गर्दी धबधब्याखाली आणि अर्धी गाडीच्या डिकीतल्या स्पीकरपुढे. सकाळी आठच्या आत पहिने ओलांडलं तर मात्र रस्ता आपला. मग वैतरणेचं पाणी दिसायला लागतं: डोंगराच्या पायथ्याशी शिरलेल्या निळ्या जिभा, मधे गवताची सपाट मैदानं, आणि मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या म्हशी.

हे पाणी मुंबईचं. अप्पर वैतरणा धरणातून खालच्या मोडक सागर धरणाकडे आणि तिथून मुंबईच्या नळात. गोरेगावला राहणारा माझा भाऊ जुलै महिन्यात मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची टक्केवारी तोंडपाठ सांगतो, शेअर बाजाराचे भाव सांगावेत तशी. त्याला एकदा मुद्दाम इथे आणलं. काठावर उभा राहून म्हणाला, "म्हणजे आम्ही हे पितो?" एक म्हैस त्याच क्षणी पाण्यात उतरत होती. मी काही बोलले नाही.

पण पूर्ण दिवस हातात असेल तर भंडारदराच. आणि सोबत सासूबाई हव्यात.

घोटीतच टाकी भरून घ्यायची आणि हवा तपासायची. पुढच्या वळशावर पंपाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. तांदळाच्या गिरण्यांचा कोंड्याचा वास काचा बंद असल्या तरी गाडीत येतो. बारी गावाशी पोचलो की डाव्या-उजव्या वळणांतून कळसूबाई समोर येते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरचं देवीचं देऊळ खालून ठिपक्यासारखं दिसतं. बारीतून चढणारे तरुण तांबड्या डोळ्यांनी वडापाव खात बसलेले असतात. रात्रभर चढून सूर्योदय बघून आलेले. आम्ही हात जोडतो आणि पुढे जातो.

शेंडी म्हणजे धरणाखालचं गाव, वळशाची सुरुवात आणि शेवट. पुढचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश फी भरावी लागते. सुटे पैसे ठेवा. नेटवर्क नसलं की मोबाईलचं पाकीट उपयोगाचं नाही.

इथे बहुतेक गाड्या आधी रतनवाडीकडे वळतात. मी उलट जाते, आधी मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. मग साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि शेवटी धरण. कारण साधं आहे. या दिशेने गेलं की जलाशय सतत डाव्या हाताला राहतो, म्हणजे शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या खिडकीत. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे मधे समोरून येणारी गाडीही नसते. उलट दिशेने गेलं तर पाणी चालवणाऱ्याच्या बाजूला, आणि चालवणाऱ्याने पाण्याकडे बघू नये. शिवाय सकाळी पश्चिमेकडे जाताना आणि दुपारनंतर पूर्वेकडे परतताना ऊन पाठीशीच राहतं. वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा, पण त्याला दिवस द्यावा. रस्ता कसा असेल ते दर पावसाळ्यानंतर नव्याने कळतं. साम्रद ते रतनवाडी हा तुकडा तर दुसऱ्या गिअरमध्येच चालवायचा असं धरून निघायचं.

घाटघरला जमीन संपते. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, सरळ खाली. या गावाला नगरकडची चेरापुंजी म्हणतात, वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणि हेच गाव ज्या जिल्ह्यात आहे त्या अहिल्यानगरचे पूर्वेकडचे तालुके पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढतात. घाटघरला एक गंमत आहे जी फोटोत येत नाही. इथल्या वरच्या धरणातलं पाणी कड्याखाली शहापूर तालुक्यातल्या चोंढे इथल्या खालच्या धरणात सोडून वीज करतात, २५० मेगावॉटची. आणि विजेची मागणी कमी असते त्या वेळी तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे पाण्याला पण शिफ्ट ड्युटी."

साम्रदला सांदण दरी आहे, उंच कातळांमधली अरुंद घळ. गुडघे ठणकत असतील तर तोंडाशी जाऊन डोकावून यावं, आत उतरायचा हट्ट नको. मी तेवढंच करते.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मात्र निवांत बघायचं. भोवती रतनगड, शिखरावर नक्षीची बारीक जाळी, आणि जवळच दगडी पुष्करणी, तिच्या चारही बाजूंना कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. याच रतनगडावर प्रवरा उगम पावते. गावात आधी सांगून ठेवलं तर जेवण मिळतं: तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मोसमात असेल ती रानभाजी. नाशिकहून निघतानाच फोन करायचा. पोचल्यावर भूक लागली म्हणून चूल पेटत नाही.

देवळाबाहेर एक आजी हिरडा विकायला बसल्या होत्या. सासूबाईंनी हिरडा घेतला, भाव केला, आणि मग गप्पा सुरू. सासूबाईंचं माहेर श्रीरामपूरकडचं, प्रवरेच्या कालव्यावरचं, घरी ऊस. अभिमानाने सांगत होत्या, "तुमच्याकडचंच पाणी आमच्या रानात येतं." आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "येतं ना. आमच्या दारावरनं जातं तुमच्याकडं. आन् चैताला आम्ही हंडे घेऊन झऱ्यावर." सूर तक्रारीचा नव्हता, भाव सांगताना होता तसाच. सासूबाई गप्प झाल्या. हिरड्याचे वरचे पैसे मग त्यांनी परत घेतले नाहीत.

तिथून धरणापर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. भिंत दिसली तसं मला गाडी थांबवायला लावली.

ही भिंत दगडी बांधकामाची, १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. उंची ८२ मीटर. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून विल्सन डॅम. शेंडीत कुणीही नुसतं 'धरण' म्हणतं. पोटात अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी. भिंतीखाली मोरीतून पाणी सुटलं की ते एका गोल खडकावरून पसरून पडतं, तोच प्रसिद्ध अम्ब्रेला फॉल. लोक त्याला धबधबा समजून भिजायची स्वप्नं बघत येतात. खरं तर तो नळ आहे. खाली कुणाला पाणी हवं असलं की उघडतो. खाली प्रवरेवरच्या रंधा धबधब्याचंही तसंच, वर पाणी वीजघराकडे वळवलेलं असलं तर बघायला नुसता काळा खडक मिळतो.

मोरी त्या दिवशी सुरू होती. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "अगं, हे तर आमचं आवर्तन!"

मग जे सुरू झालं ते शेंडीतल्या चहाच्या टपरीवरही चालू होतं. आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या वेळी सोडलेलं पाणी. ते सुटलं की नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे. त्यांचं गाव डाव्यावर. आधी पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, मग पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट बघायची. पाण्याची बारी, म्हणजे पाळी, रात्री दोनची आली तर दोनला उठायचं. वडील दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला जायचे, ही दहा-बारा वर्षांची पोर कंदील घेऊन चारीच्या, लहान पाटाच्या काठाने मागे. वरच्या शेतकऱ्याने हळूच दार फोडलं तर पाणी मधेच आटायचं, आणि मग अंधारात आरडाओरडा. "पाण्याला वास असायचा," म्हणाल्या, "दगडाचा, गार. मला वाटायचं पाटाचाच वास. तो इथनं येतो होय?"

नगर-नाशिकची धरणं भरून खाली पैठणच्या जायकवाडी धरणात तूट असली की समन्यायी वाटपाच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे वरून पाणी सोडावं लागतं. दिवाळीच्या सुमाराला त्यावरून पेपर भरलेले असतात. एरवी सासूबाई या विषयावर पेटून उठतात: नदी आमची, धरण आमचं, आणि पाणी पैठणला! त्या दिवशी चहा पिताना तो विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

केव्हा जावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ऑगस्टमध्ये जाऊ नका. धुकं इतकं असतं की बॉनेटच्या पुढे जग नाही. फॉग लॅम्प लावून, हॉर्न वाजवत वळसा पुरा करायचा आणि घरी येऊन 'छान होतं' म्हणायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत जा. धरण काठोकाठ, सोनकीने पठारं पिवळी, भाताच्या लोंब्या भरत आलेल्या, आणि हवा धुतलेली. दिवाळीनंतर सोंगणी, म्हणजे भाताची कापणी सुरू होते, रस्त्याच्या कडेला भारे आणि पेंढा; तेही बघण्यासारखं. फेब्रुवारीत थंडीचा शेवट साधता येतो. मे महिन्यात पाणी खाली जातं, काठाचा चिखल उघडा पडून भेगाळतो, पण करवंदं, जांभळं असतात.

आणि काजवे. मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात, सगळं झाड एका तालात. तो उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. आपण हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश घेऊन त्या बोलण्यात घुसतो. शनिवार-रविवारी घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांगच रांग असते. मी आता त्या दिवसांत जात नाही. कुणाला राहवतच नसेल तर मधल्या वारी जावं, गावातच मुक्काम करावा, गाडी बंद ठेवून गावच्या माणसाबरोबर पायी जावं. मुक्काम म्हणजे माझ्या व्याख्येत ही सहल बसत नाही, पण काजव्यांसाठी सूट.

सासूबाईंनी पुढचा बेत परस्पर ठरवून टाकलाय. शेंडीहून राजूर, अकोले, संगमनेर असं नदीच्या सोबतीने खाली जायचं आणि ओझरचा बंधारा बघायचा, जिथून त्यांचा डावा कालवा निघतो. राजूरला पेढे घ्यायचे, हेही ठरलंय. परतीला संगमनेर-सिन्नरचा हायवे. मी दोन रविवार सुचवले, दोन्ही नाकारले. पाट कोरडा असताना काय बघायचं, असा त्यांचा सवाल आहे. त्यामुळे आमच्या सहलीची तारीख सध्या आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर अडली आहे, आणि त्या रोज सकाळी पेपरात आवर्तनाची बातमी शोधतायत.