स्प्लेंडरचा ड्रेन बोल्ट गळत होता, त्याचा माझा अनुभव

गाडी पप्पांची, २००३ची स्प्लेंडर, एमएच १५ पासिंग, आता माझ्याकडे आहे. नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ राहतो आणि कामाला अंबडला जातो, म्हणजे रोजचं रनिंग काही फार नाही. मे महिन्यात पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसायला लागला. आधी वाटलं कोणाचं तरी असेल, पण गाडी दुसरीकडे लावली तर डाग पण तिकडे आला. मग खालचे काका म्हणाले, "अरे तुझ्या गाडीला गळती लागलीये, फरशी नवीन आहे बघ." काका सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे विषय लगेच गंभीर झाला.

खाली वाकून बघितलं तर ड्रेन बोल्टच्या, म्हणजे जुनं ऑइल काढायला इंजिनच्या तळाला जो बोल्ट असतो त्याच्या, टोकाला थेंब लटकलेला. म्हणजे बोल्टच गळतोय, बास, सतरा नंबरचा पाना घेतला आणि अजून पाव आटा आवळला. दोन दिवस थांबलं, परत सुरू. परत आवळला. इथेच मी माती खाल्ली, पण ते नंतर कळलं.

पप्पा म्हणाले आधी बघ तरी गळतंय कुठून, इंजिनमध्ये सगळ्यात खालचा पॉइंट तोच आहे, वरून कुठूनही आलेलं ऑइल तिथेच येऊन टपकणार. क्लच कव्हरचं पॅकिंग असेल, गिअरच्या दांड्याचं ऑइल सील असेल, टॅपेटच्या झाकणाची रिंग पण असू शकते. मग रविवारी इंजिन खालून रॉकेल आणि जुन्या ब्रशने घासून काढलं, फडक्याने कोरडं केलं आणि अंगाला लावायची पावडर सगळीकडे फासली, आईने विचारलं पण की गाडीला कुठे लग्नाला न्यायचंय का. पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आलो. वरचं सगळं पांढरंशुभ्र आणि फक्त बोल्टभोवती ओली काळी रिंग. म्हणजे दोषी तोच, आता खात्री झाली.

वायसर बदलायचं ठरवलं. हा बोल्ट आट्यांनी सील होत नाही, सील करतो तो मधला वायसर, मऊ असतो, बोल्ट आवळला की दबतो आणि वरच्या खालच्या दोन्ही तोंडांना चिकटून बसतो. एकदा दबलेला वायसर परत तसा दबत नाही म्हणून दर ऑइलला नवीन टाकतात, निदान टाकायला हवा. १० रुपयांची वस्तू आहे. पप्पा जुन्या काळी तांब्याचा वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकायचे, मग तो परत मऊ होतो, ही खरी गोष्ट आहे पण आमच्या घरात त्यावरून आईशी जी भांडणं झालीत ती वेगळी. मी सरळ नवीन आणला.

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवलं, कोमट ऑइल पटकन आणि पूर्ण उतरतं. मेन स्टँडवर घेतली, खाली जुनं घमेलं ठेवलं, बोल्ट खोलला. बोल्ट सुरुवातीला घट्ट होता मग एकदम ढिला झाला आणि सोबत चकचकीत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंगसारखी तार बाहेर आली. मला आधी वाटलं कचरा आहे. ते आटे होते, चेंबरचे, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या इंजिनच्या खालच्या भागाचे आटे.

नवीन वायसर टाकून बोल्ट बसवला, तो नुसता फिरतोय, आवळायचं नावच नाही. घामच फुटला. मग मी जे प्रत्येक जण करतो तेच केलं, बोल्ट खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात गेलो, एम १२ चा नवीन बोल्ट द्या म्हटलं. दिला. घरी येऊन लावला तर दीड-दोन आटे गेला आणि अडकला. नशीब पाना नाही लावला.

शेवटी मित्राला बोलावलं, इंजिनात ऑइल नाही म्हणजे चालू करायचा प्रश्नच नाही, त्याने त्याच्या स्कूटरवरून पाय लावून मला अंबड एमआयडीसीपर्यंत ढकलत नेलं. भोकात चिंधी कोंबली होती. तिथे एका गल्लीत एक मामा आहेत, लेथ आणि ड्रिल एवढंच दुकान, मूळचे जळगावकडचे. त्यांनी दोन्ही बोल्ट हातात घेतले, खिशातून पिच गेज काढला, आट्यांचं अंतर मोजायची पत्त्यांसारखी पानं असतात ती, एक एक पान लावून बघितलं आणि हसायला लागले.

"काय भो, हा तुझा जुना बोल्ट पण गाडीचा नाही."

"म्हणजे?"

"गाडीला लागतो दीडचा पिच. हा पावणेदोनचा. आणि तू नवीन आणला तो पण पावणेदोनचाच."

झालं असं की एम १२ म्हणजे फक्त जाडी, १२ मिलिमीटर. दोन आट्यांमधलं अंतर वेगळं असू शकतं. हार्डवेअरमध्ये साधा मिळतो तो १.७५ चा, गाडीला बारीक आट्याचा १.५ चा लागतो. आधी कधीतरी कोणत्या तरी गॅरेजमध्ये ओरिजिनल बोल्ट हरवला असणार आणि हाताला लागला तो ठोकला असणार. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं चेंबर, कोण हरणार ते ठरलेलंच. बोल्टने स्वतःचे आटे पाडले, तिरके, कच्चे, त्यावर गाडी किती वर्षं चालली देव जाणे. आणि उरलंसुरलं मी पाव पाव आटा आवळून संपवलं. कोणत्या गॅरेजने केलं ते मला माहीत नाही, पप्पांना पण आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी काय उपयोग.

मामांनी पर्याय सांगितले. एक, भोक मोठं करून १४ चा बोल्ट, पण परत खराब झालं तर भिंत पातळ होणार. दोन, हेलीकॉइल, म्हणजे जरा मोठे आटे मारून त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवायची, आतून परत १२ चा दीड पिच मिळतो, ओरिजिनल बोल्ट लागतो. मी टेफलॉन टेप किंवा एमसीलचं विचारलं तर त्यांनी उत्तरच दिलं नाही, नुसतं बघितलं.

हेलीकॉइल ठरलं, बोल्टसकट साडेचारशे रुपये. बॅटरी काढली (ॲसिडवाली आहे, गाडी आडवी केली की सांडते), पेट्रोलचा कॉक बंद, फूटरेस्टचा बार खोलला आणि गाडी गोणपाटावर आडवी झोपवली. पप्पांना फोटो पाठवला नाही. मामांनी ड्रिलला आणि टॅपला (आटे पाडायचं हत्यार) भरपूर ग्रीस फासलं, चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, ॲल्युमिनियमला लोहचुंबक लागत नाही त्यामुळे आत पडला तर काढणार कसा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मधेमधे काढून पुसायचा. मी मोबाईलचा टॉर्च धरून उभा, मान दुखली. कॉइल तोंडापासून एक आटा आत बसवली, कारण बाहेर राहिली तर वायसर तिच्यावर टेकेल आणि गळती परत चालू. शेवटी कॉइलचं खालचं शेपूट मोडून चिमट्याने बाहेर काढलं आणि मला दाखवलं, "मोजून घे, आत नाही राहिलं."

गाडी उभी केली, बोल्ट न लावता स्वस्तातलं थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू दिलं, त्यात दोन चमकणारे कण आले, मग अजून थोडं ओतलं, स्वच्छ आलं. नंतर वायसर, बोल्ट आणि ९०० मिली १० डब्ल्यू ३० ग्रेडचं ऑइल. डिपस्टिक (ऑइल मोजायची झाकणाची काडी) न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची, स्प्लेंडरला तसंच आहे, बरेच जण आवळून बघतात आणि ऑइल जास्त भरतात. बोल्ट मामांनी आखूड पान्याने आवळला, वायसर दबल्याचं हाताला कळलं तिथे थांबले. मला वाटलं अजून हवा. ते म्हणाले, "लांब पाना घरी ठेव आता."

काळं ऑइल घरी घमेल्यातच होतं, ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रमात देऊन आलो. आमच्या गल्लीत लोक सरळ गटारात ओततात, गटार नासर्डीला जातं आणि नासर्डी गोदेला, आणि मग सिंहस्थ आला की सगळे गोदावरी स्वच्छतेवर बोलतात. असो.

महिनाभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, रोज सकाळी काका माझ्या आधी बघायचे. परवा २००० किलोमीटर झाले म्हणून ऑइल बदललं. भीती एकच होती की बोल्टसोबत कॉइल पण फिरून बाहेर येते की काय. नाही आली. नवीन वायसर टाकला आणि बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला, पाना फक्त शेवटच्या पाव आट्याला लागला.