झाडीपट्टीत, तलावातली रोवणी बघायला

विदर्भात चाललोय म्हटलं की समोरचा गृहीतच धरतो ताडोबा, आणि मग कोणतं गेट, जिप्सी कितीला पडली, वाघ दिसला का, हे सगळं सुरू होतं. यावेळी मी ताडोबाच्या वाटेला गेलोच नाही. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर पकडली आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, अर्जुनी मोरगावला उतरलो, तेही ऐन जुलैत, जेव्हा बहुतेक जंगल सफारी बंद असतात आणि लॉजवाला पण संशयाने विचारतो की काय काम काढलं जी इकडे. तलाव बघायला आलोय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुण्यात तलाव नाहीत का.

तसे आहेत, पण असे नाहीत. सौंदड गेलं की ट्रेनच्या खिडकीतून हेच दिसत राहतं, धानाच्या बांध्या (म्हणजे भातखाचरं), रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, वाकलेल्या बायका, मग एक मातीची पाळ, पाळीमागे पाणी, परत बांध्या, परत पाळ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असं मिळून हे माजी मालगुजारी (मालगुजारी म्हणजे इथली जमीनदारी) तलाव, लोकांच्या तोंडचे मामा तलाव, सहा हजाराच्या वर आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा राजाचा हुकूम होता म्हणतात. नवेगाव बांधचा एवढा मोठा जलाशय, आपण ज्याला नॅशनल पार्क म्हणून ओळखतो, तो पण कोलू पाटील कोहळीने बांधलेला. इंजिनियर नाही, सिमेंट नाही, नुसती माती, पाणी सोडायला तुडुम आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात.

मग १९५० साली मालगुजारी गेली (तेव्हा हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण गावाचा तलाव सरकारचा झाला की गाळ कुणी काढायचा, पाळीवरची भगदाडं कुणी बुजवायची हा प्रश्न कायमचा लटकला. सरकारने पाणीपट्टी मागितली, लोक म्हणाले बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्याला पैसे कसले. झालं, तिथून पुढे दोघांनीही सोडून दिलं.

हे सगळं वाचून गेलो होतो. म्हणजे माझ्या डोक्यात चित्र असं होतं की गाळ भरलाय, गाळ काढा, प्रश्न मिटला. ज्या गावात गेलो त्याचं नाव देत नाही, उगाच पावसाळ्यात कॅमेरे घेऊन गर्दी व्हायची. तिथल्या एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, समाजाच्या मावशींनी पाळीवर उभं राहून पहिलं वाक्य काय ऐकवलं तर, "पानी पाहून फसू नका भाऊ. पानी त भरपूर हाये, मासोऱ्या कुठं हायेत?"

झालं असं की गेल्या काही दशकांत इथे रोहू, कटला, मृगळ सोडायची पद्धत आली. मोठे मासे, पटकन वाढतात, बाजारात वजन भरतं. पण हे नदीचे मासे, साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणायची आणि सोडायची, पुढच्या वर्षी परत तेच. त्यात भर म्हणजे गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). गवत्या नावाप्रमाणेच पाण्यातली वनस्पती खाऊन साफ करतो आणि सायप्रिनस तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करून ठेवतो. पाण्याखालचं गवत गेलं की मरळ, मागूर असल्या गावच्या माशांना अंडी घालायला जागा नाही, पिल्लांना लपायला जागा नाही. मरळ तर पाणवनस्पतींच्या मध्ये जागा साफ करून अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते, त्या वनस्पतीच नाहीत तर ती करणार काय. आणि मोकळ्या झालेल्या काठावर बेशरम. ही बेशरम सगळ्यांनी पाहिली असेल, जांभळट फुलांची, गुरं तोंड लावत नाहीत, तोडून टाकली तर तुकड्यालाच मुळं फुटतात. नावाला जागते अगदी.

तर या ढिवर बायका करतात काय, उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट उपटून काढतात, तळाची जमीन चक्क नांगरतात, आणि पाऊस पडून गुडघाभर पाणी झालं की दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून इथे लावतात. हो, तलावाच्या तळाला रोवणी. मी खास तेच बघायला गेलो होतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ नावाची संस्था आणि तिचे मनीष राजनकर यांनी या भागात बरीच वर्षं हे काम लावून धरलंय, पण कुठल्या तलावात काय होतं आणि कुठला मासा कशात अंडी घालतो हे ज्ञान मूळचं ढिवरांचंच, आणि संस्थेने ते आधी नीट ऐकून घेतलं ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. नाहीतर आपल्याकडे लोकांना शिकवायला जायचीच पद्धत.

मावशींच्या घमेल्यात तीन-चार प्रकार होते. एक हायड्रिला, बारीक पानांची, हातात धरली की खरखरीत लागते. एक सेरॅटोफायलम, तिला मुळंच नसतात, ती नुसती पाण्यात सोडून द्यायची. आणि एक व्हॅलिस्नेरिया, लांब हिरव्या फितीसारखी पानं. तिची मादी फुलं स्प्रिंगसारख्या वळणाच्या देठावर पाण्याच्या वर येतात आणि परागीकरण झालं की देठ आवळत जाऊन फूल खाली ओढून घेतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तिथे एका जुन्या रोपाला तसला वेटोळा देठ प्रत्यक्ष पाहिला आणि उगाच लहान मुलासारखा ओरडलो. मावशी हसल्या. त्या मूठभर रोपं घेतात, वाकतात, अंगठ्याने चिखलात दाबतात, एक पाऊल मागे, परत मूठभर. हात इतका सरावाचा की बोलणं चालूच. मी पण थोडी लावली, त्यातली बरीच तरंगत वर आली, ती मागून येणाऱ्या पोरीने काही न बोलता परत दाबली.

थोड्या खोल पाण्यासाठी कुमुदिनी. कासला पठारामागच्या तलावात जी पांढरी फुलं बघायला आपण ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकतो ना, तीच. इथे तिचा फोटो कुणी काढत नाही, तिच्या पानांवरून कमळपक्षी चालतात आणि खाली मासे सावलीला राहतात. काठाला लव्हाळ्यासारखं एक गवत लावतात, त्याचे कंद जांभळ्या पाणकोंबड्या उकरून खातात. जिथे काही वर्षांपूर्वी हे काम झालंय तो तलाव दुसऱ्या दिवशी बघितला. पाणी नितळ, अडई बदकांचा थवा, आणि जाळ्यात निरनिराळ्या आकाराचे एवढे गावठी मासे की नावं लिहून घेता घेता वहीचं पान ओलं होऊन शाई पसरली. हे मासे विकत सोडावे लागत नाहीत, आपले आपण वाढतात. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून काही तर थेट बांध्यांमध्ये जातात.

आता जरा वैताग. जवळच्याच एका गावात तलावाचं खोलीकरण झालेलं दाखवलं. ठेकेदाराने पोकलेन लावून मधोमध आणि काठाला लागून सरळ उभा खड्डा मारलाय, बोर्ड लावलाय, फोटो निघालेत, बिल पण निघालं असणार. अहो पण तलाव म्हणजे परात असते, हौद नव्हे. उतरत्या काठावर जे हातभर-कमरभर पाणी असतं तिथेच ऊन तळापर्यंत पोचतं, तिथेच वनस्पती उगवतात, तिथेच मासे अंडी घालतात, तिथेच बगळे-करकोचे चरतात. तो काठच खरवडून काढला तर पाणीसाठा कागदावर वाढतो आणि तलाव मरतो. गाळ काढूच नये असं नाही, काढायलाच हवा, पोयटा शेतात गेला तर शेतकऱ्याचं पण भलं. पण कुठून काढायचा आणि किती, हे ढिवराला आणि शेतकऱ्याला विचारून ठरवा ना.

आणि हे आत्ताच महत्त्वाचं आहे कारण पाऊस बदललाय. इथे तसा पाऊस भरपूर, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर, पण तो आता सरळ पडत नाही असं ज्याला विचारावं तो सांगतो. रोवणी झाली की दोन-तीन आठवडे गायब, मग एका रात्रीत धो धो. त्या गॅपमध्ये तुडुम उघडून बांधीत पाणी घेता आलं तर धान वाचतं, आणि धो धो पडतं तेव्हा एकाखाली एक असलेले तलाव ते पाणी अडवत अडवत खाली सोडतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराची आठवण इथले लोक अजून काढतात. आता एवढ्या मोठ्या पुराला गावतलाव पुरे पडले असते असं मी म्हणणार नाही, तिथे मोठ्या धरणांच्या विसर्गाचा विषय होता. पण रोजच्या, दरवर्षीच्या लहरी पावसाला हीच व्यवस्था कामाची आहे आणि ती आधीच बांधून तयार आहे.

सगळं गोड आहे असंही नाही. तलाव मच्छीमार सोसायटीला लीजवर मिळतात, लीजचे पैसे भरायचे तर वजनदार मासा लागतो, म्हणून रोहू-कटला पूर्ण बंद करा म्हणणं सोपं नाही. इथे त्यांनी मधला मार्ग काढलाय, गवत्या आणि सायप्रिनस बंद, बाकीचे प्रमाणात. बेशरम तर दर उन्हाळ्यात परत उगवतेच. आणि बांध्यांमधली कीटकनाशकं वाहून तलावात येतात, त्यावर मला कुणाकडेच उत्तर दिसलं नाही. सोसायटीचा कारभार आतापर्यंत जवळपास पुरुषांचाच, आता या बायका मीटिंगला जाऊन बसतात आणि त्यावरून घराघरांत काय काय झालं ते मावशींनी सांगितलं, ते मात्र इथे लिहिणार नाही.

जायचं असेल तर पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी बरा, तेव्हा बाहेरची बदकं येतात. सारस बघायचे तर गोंदिया तालुक्याकडे जा, महाराष्ट्रात आता ते याच पट्ट्यात उरलेत, तेही मोजकेच. पण घरटं धानाच्या बांधीत असतं, त्यामुळे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावरून (बांधावरून) आत घुसू नका. राहायला अर्जुनीत साधे लॉज आहेत, नवेगाव बांधलाही सोय आहे. जेवणात लाखोळीची डाळ मिळाली तर सोडू नका. आणि गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, इटियाडोह धरणाच्या अगदी जवळ. तिथे भर पावसात गरमागरम थुक्पा मिळतो, मी दोन वाट्या संपवल्या आणि त्या नादात परतीची पॅसेंजर चुकली, पुढची संध्याकाळी होती.