तुम्ही विचारलेत म्हणून : चीनमध्ये परके वाटले नाही का?

सप्टेंबर 2015 मध्ये मी चिनी भाषा शिकण्यासाठी नानचिंगला गेले आणि तिथल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात दोन वर्षे राहिले. परत आल्यापासून हा एक प्रश्न मला सतत विचारला जातो. कुडाळच्या घरी येणारे पाहुणे विचारतात, पुण्यातले शेजारी विचारतात, मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे पाठवण्याच्या विचारात असलेले पालक तर अगदी काळजीने विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा जेवण असते, कधी भाषा असते, तर कधी दोन देशांच्या सीमेवरचा ताण. आजवर मी ‘सुरुवातीला वाटले, मग सवय झाली’ एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझा परकेपणा नुसत्या सवयीने गेला नाही. बरोबर नेलेल्या इंग्रजीने मला तिथे अनेकदा चुकीच्या वाटेला लावले आणि मराठीने आत नेले, हे मला आज नीट सांगायचे आहे.

पहिल्या संध्याकाळी मी सामान घेऊन वसतिगृहाच्या दाराशी उभी होते. दाराजवळच्या छोट्या खोलीत पन्नाशीच्या पुढच्या एक बाई किल्ल्यांचा जुडगा आणि नोंदवही घेऊन बसल्या होत्या, आणि येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी त्यांना ‘आयी’ म्हणून हाक मारत होती. पहिला स्वर उंच आणि सपाट, दुसरा वर चढत जाणारा. घर सोडून दोनच दिवस झालेल्या मुलीच्या कानांना तो शब्द कसा ऐकू आला असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पाठ्यपुस्तकात त्याचा अर्थ इंग्रजीत ‘आंट’ असा दिला होता. चिनी शब्दकोश उघडल्यावर कळले की ‘यी’ म्हणजे आईची बहीण, म्हणजेच मावशी. शिवाय हा शब्द सख्ख्या मावशीपुरता राहत नाही. वसतिगृह सांभाळणारी, खाणावळीत वाढणारी, घरकामाला येणारी, मैत्रिणीची आई, या सगळ्यांना आयी म्हणतात. आपल्या शाळांत आणि दवाखान्यांत झाडलोट करणाऱ्या, रुग्णाला धरून चालवणाऱ्या बाईला आपण मावशीच म्हणतो. दोन समाजांनी कष्टकरी स्त्रीला नाते देताना नेमके आईच्या बहिणीचेच नाते निवडावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पुढे नातेवाचक शब्दांचा धडा आला तेव्हा वर्गातली युरोपातून आलेली मुले हवालदिल झाली. वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’, धाकटा ‘शूशू’, आईचा भाऊ ‘च्यौच्यौ’, वडिलांची बहीण ‘कूकू’. मला फक्त काका, मामा आणि आत्या यांच्यासमोर शब्द भरायचे होते. काकांमध्ये थोरला-धाकटा असा भेद चिनी भाषा शब्दातच करते, एवढीच भर. गोंधळ झाला तो एकाच ठिकाणी. मामांचा फोन आला की मी खोलीतल्या मैत्रिणीला ‘मामा’ म्हणून सांगत असे, आणि चिनीत ‘मामा’ म्हणजे आई असल्यामुळे माझ्या आईचा आवाज इतका जाड कसा, असा प्रश्न तिला बरेच दिवस पडला होता. एकदा मी दुकानातल्या एका तिशीतल्या बाईंना आयी म्हटले आणि त्यांचा चेहरा उतरला. वसतिगृहातल्या आयींनी मला समजावले की अशा वयाच्या स्त्रीला ‘च्येच्ये’, म्हणजे ताई, म्हणावे. तरुण स्त्रीला काकू म्हटल्यावर आपल्याकडे काय होते हे ठाऊक असूनही मी ती चूक केली होती.

उच्चारांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची आजची पद्धत, ‘फिनयिन’, 1958 साली अधिकृत झाली आणि परदेशी विद्यार्थी तिच्यावरूनच शिकतो. या पद्धतीतली ‘बी’, ‘डी’ आणि ‘जी’ ही अक्षरे पाहून आपण ब, ड, ग म्हणू लागतो आणि तिथेच घसरतो, कारण तिथे प्रत्यक्ष उच्चार प, त, क यांना जवळचा असतो, आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ लिहिले असेल तिथे ओठ मिटून म्हटलेला फ, तसेच थ आणि ख. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपण बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. ज्या शहराला आपण बीजिंग म्हणतो ते तिथल्या तोंडी ‘पेइचिंग’ असते. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा आहे हेही मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही, आणि चिनीत हे दोन्ही वेगवेगळे ध्वनी म्हणून नांदतात. तिसऱ्या आठवड्यापासून मी वहीत रोमन अक्षरे लिहिणे सोडून देवनागरी लिहू लागले आणि माझे उच्चार सुधारले. चिनी शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मी हेच सुचवते. देवनागरीने हात टेकले ते मात्र सुरांपुढे. ‘माइ’ हा शब्द खाली जाऊन वर आला तर विकत घेणे आणि वरून खाली आपटला तर विकणे. भाजीबाजारात मी कितीतरी वेळा टोमॅटो ‘विकायला’ गेले आहे. तिथे भाव अर्ध्या किलोचा, म्हणजे एका ‘चिन’चा सांगतात आणि आकडा एका हाताच्या बोटांनी दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली म्हणजे सहा. भाजीवाल्यांनी मला हे आकडे न कंटाळता शिकवले.

जेवणाबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. दुपारचे जेवण साडेअकराला सुरू होई, रात्रीचे पाचच्या सुमारास, आणि दुपारी दोनपर्यंत सारे विद्यापीठ वामकुक्षी घेई. मी मासे खाणारी, त्यामुळे माझे फारसे अडले नाही, मात्र नदीच्या माशांची चव ओळखीची व्हायला वेळ लागला. माझ्याबरोबर पुण्याहून आलेली एक मैत्रीण पूर्ण शाकाहारी होती आणि तिचे पहिले दोन महिने फार वाईट गेले. ‘रौ नको’, म्हणजे मांस नको, असे ती स्पष्ट सांगे, तरी ताटात खिम्याचे कण निघत. त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. बहुतेक ठिकाणी नुसते ‘रौ’ म्हटले की डुकराचे मांस असा अर्थ घेतला जातो, आणि चवीपुरता घातलेला चमचाभर खिमा वाढणाऱ्याच्या हिशेबात मांसाहार ठरतच नाही. आयींनी तिला योग्य शब्द दिला : ‘सू’, म्हणजे निरामिष. हा शब्द बौद्ध विहारांच्या स्वयंपाकाशी जोडलेला आहे, आणि तो उच्चारला की समोरच्याला नेम म्हणजे काय हे लगेच कळते. नानचिंगच्या चीमिंग मंदिरात अशा सात्त्विक शेवयांची खाणावळ आहे. विहारांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो हे कळले तेव्हा मैत्रिणीला तिच्या आजीचा चातुर्मास आठवला. ‘मी शाकाहारी आहे’ या वाक्याचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर जे काम करू शकले नाही, ते त्या एका अक्षराने केले.

मला घर भेटले ते निराळ्या ठिकाणी. खाणावळीत सछ्वान पद्धतीच्या पदार्थांची एक खिडकी होती आणि तिथले ‘मापो तोउफू’, म्हणजे तिखट रश्शातले टोफू, मी पहिल्यांदा तोंडात घातले तेव्हा जिभेला मुंग्या आल्या. ती चव मला लहानपणापासून माहीत होती. ते आमच्या कोकणी स्वयंपाकातले मसाल्याचे तिरफळ होते, किंवा तिरफळाचे अगदी जवळचे भावंड. चिनी लोक त्याला ‘ह्वाच्याओ’ म्हणतात, आणि कोकण-गोव्याचे तिरफळ व हे ह्वाच्याओ वनस्पतिशास्त्रात झँथोझायलम या एकाच प्रजातिगटात मोडतात. बांगड्याच्या आमटीत घालताना आई तिरफळातले काळे बी टाकून देते आणि फक्त टरफल वापरते. तिथेही बी टाकून टरफलच वापरतात. घाटावरच्या अनेकांना तिरफळ माहीत नसते, आणि मला ते यांगत्सेच्या काठावर एका स्टीलच्या ताटात सापडले. त्या दिवशी मी आईला फोन करून पहिल्यांदा रडले, आणि ते रडणे दुःखाचे नव्हते.

गरम पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चीनमध्ये पाणी उकळलेले आणि गरमच पितात. विद्यापीठात उकळत्या पाण्याची स्वतंत्र खोली असते, रेल्वेच्या डब्यात गरम पाण्याचा नळ असतो, आणि प्रत्येकाच्या हातात थर्मास असतो. पारंपरिक वैद्यकाची शिकवण तर यामागे आहेच, शिवाय 1952 पासून चाललेल्या सरकारी आरोग्य मोहिमेत पाणी उकळून पिण्यावर भर दिला गेला. नानचिंगच्या हिवाळ्यात याचा अर्थ अंगाला कळतो. ह्वाय नदीच्या उत्तरेकडच्या शहरांत सरकारी व्यवस्थेतून घरे उबदार ठेवतात. नानचिंग त्या रेषेच्या दक्षिणेला येते, म्हणून थंडी गोठणबिंदूपर्यंत उतरली तरी ती सोय तिथे नसते. मला ताप आला तेव्हा आयी दिवसातून तीनदा वर आल्या आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणाल्या : ‘तुओ ह र श्वेइ’, भरपूर गरम पाणी पी. माझ्या वर्गातल्या काहींना हे वाक्य कोरडे वाटे. मला त्यात सुंठीचा काढा घेऊन उभी राहिलेली आजी दिसत असे. तिथल्या मोठ्या माणसांना ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणताना मी ऐकले नाही. ती गरम पाणी पी म्हणतात, अंगात जाड कपडे घाल म्हणतात, आणि भेटल्यावर ‘नी छर ल मा?’ असे विचारतात, म्हणजे जेवलीस का? आपल्याकडे याहून वेगळे काय असते?

मी गेले त्या वर्षी 27 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि त्याच दिवशी चीनमध्ये मध्यशरद उत्सव होता, म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. चिनी पारंपरिक पंचांग आपल्यासारखेच चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळते आणि त्यातही अधिक महिना असतो. पुण्यात मिरवणूक चालली असेल त्या वेळी आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर चांदण्यात बसलो होतो, आणि आयींनी ‘युएपिंग’ हा चंद्राच्या आकाराचा केक सुरीने कापून सगळ्यांना वाटला. ते चांदणे पाहून मला कोजागरी आठवत होती.

सारे काही जुळले असे मात्र मी म्हणणार नाही. एक गोष्ट जुळली नाही, आणि ती न जुळल्याचा मला आनंद आहे. चिनी नावात आडनाव आधी येते. वांग, ली आणि चांग ही आडनावे तर कोट्यवधींची आहेत. दोन वर्षांत माझे आडनाव मला असंख्य वेळा विचारले गेले, पण ते कोणत्या अक्षराने लिहायचे एवढ्यासाठीच. त्यापुढचा, आपल्याकडे हळूच किंवा उघडपणे येणारा तो दुसरा प्रश्न एकदाही आला नाही. तिथेही गाव आणि शहर, पैसा आणि शिक्षण यांवरून माणसे मोजली जातात, हे मी पाहिले आहे. पण आडनाव सांगताना मनाची जी तयारी मी नकळत करत आले होते, ती तिथे करावी लागली नाही, आणि ती आपण करत असतो हे मला तिथेच पहिल्यांदा कळले.

नावावरून आठवले. एका बागेत फिरायला येणाऱ्या वृद्ध गृहस्थांना मी भारतातून, महाराष्ट्रातून आले असे सांगितले, तेव्हा ते थांबले आणि ‘ख तीह्वा’ म्हणाले. 1910 साली सोलापुरात जन्मलेले, 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे हे चिनी नाव. त्यातला ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यांच्या मुलाचे नाव यिनह्वा होते, त्यात भारत आणि चीन दोन्ही आले. पुढच्या वर्षी मी उत्तर चीनमधल्या शर्च्याच्वांग शहरी जाऊन त्यांच्या समाधीवर फुले वाहिली. एका सोलापूरच्या माणसाची आठवण नानचिंगच्या बागेत एक अनोळखी म्हातारा माणूस मला करून देतो, आणि आपल्या तरुण पिढीत ते नाव विरळच ऐकू येते, याची खंत मला आजही आहे.

8 फेब्रुवारी 2016 ला चिनी नववर्ष होते. आठवडाभर आधीपासून वसतिगृह रिकामे होऊ लागले, खाणावळी बंद झाल्या, आणि चार-पाच परदेशी मुली मागे राहिल्या. खरा परकेपणा मला त्या आठवड्यात भेटला. आदल्या दिवशी दुपारी आयी कामावर आल्या त्या एक मोठा डबा घेऊन. त्यात ‘शर्चिनछाय’ होते. नानचिंगमध्ये नववर्षाला गाजर, पालक, मोड आलेले कडधान्य, अळंबी अशा कितीतरी भाज्या वेगवेगळ्या परतून, एकत्र करून, गार खातात. माझ्या शाकाहारी मैत्रिणीने पहिल्यांदाच काही न विचारता घास घेतला. मी आईला फोनवर सांगितले की इथे भोगीची भाजी मिळाली, आणि आई त्यात काय काय घातले आहे ते एकेक करून विचारू लागली. मी आयींना विचारून सांगत होते. शेवटी आईने नेहमीचा प्रश्न विचारला. आयींनी हाताने खूण करून विचारले, काय म्हणते आहे? मी म्हटले, जेवलीस का, असे विचारते आहे. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कुडाळपर्यंत ऐकू जावे अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, “छर ल, छर ल!”